नव्याचे नऊ दिवस

मनमाड हे गाव पाहायला कोणी जात नाही. मनमाडला लोक गाडी बदलायला जातात. मुंबई-भुसावळ ही मोठी लाइन इथून जाते, दौंडहून आलेली लाइन १८७८ साली इथे येऊन मिळाली आणि पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या मुलखातून गोदावरीकाठची मीटर गेजही इथेच येऊन टेकली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या पुष्कळ माणसांनी आयुष्यातली एखादी तरी रात्र मनमाडच्या फलाटावर वळकटीला टेकून काढलेली असते. अशा रात्रीनंतर गावाबद्दल फार प्रेम वाटत नाही, हे मी समजू शकतो.

पण फलाटाबाहेर पडून ज्यांनी गाव पाहिले, त्यांना मनमाडचा खरा गुण ठाऊक असतो. तो म्हणजे साठवण. अन्न महामंडळाची प्रचंड गोदामे इथे आहेत. पंजाबकडचा गहू आगगाडीने येतो आणि इथे थप्प्या लावून बसतो. शेजारी पानेवाडीला पेट्रोल-डिझेलच्या टाक्या आहेत. आणि घराघरांत पाणी. मनमाडच्या नळाला पंधरापंधरा, वीसवीस दिवसांनी पाणी येण्याचा काळ एका पिढीने नव्हे, अनेक पिढ्यांनी पाहिला. नळ आला की गावात सणाचे वातावरण. पिंप, हंडे, कळशा, बादल्या, पातेली, सगळे भरून ठेवायचे. एखादी वाटी पालथी दिसली तर आमची आजी म्हणायची, "ती काय शोभेला ठेवलीय?"

थोडक्यात, साठवावे कसे हे मनमाडकराला कोणी शिकवायला नको. अशा या गावाला एकाच पदार्थाने हात टेकायला लावले. तो पदार्थ म्हणजे कॉफी.

आता कॉफीचे आणि आपले नाते तसे जुने आहे. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना 'बुंद' किंवा 'बुंददाणा' म्हणत. हा शब्द अरबी 'बुन्न'वरून आलेला. म्हणजे कॉफी पिणाऱ्यांना आज आपण सुधारक समजतो, पण शब्द बघावा तर आजोबांच्या कोशातला. जहांगीर बादशहाच्या दरबारी आलेल्या सर टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर एडवर्ड टेरी नावाचे एक पाद्री होते. इथले धर्मनिष्ठ लोक दारूऐवजी कॉफी घेतात, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. हे पेय चवीपेक्षा प्रकृतीला बरे, असा त्यांचा शेराही आहे. मला त्यात नवल वाटत नाही. येमेनच्या मोखा बंदरातून गलबतावर चढलेली कॉफी समुद्राचे खारे वारे खात, सुरतेच्या वखारीत पडून, मग बैलगाडीने दरबारात पोचणार. पाद्रीबुवांच्या पेल्यात जे आले ते कॉफीचे वर्षश्राद्धच असावे.

पुढची कथा सगळ्यांना माहीत आहे. १६७०च्या सुमारास बाबा बुदन हे सूफी संत मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या पेरल्या. अरब व्यापारी रुजणारे बी बाहेर जाऊ देत नसत, म्हणून बाबांनी त्या कमरेला बांधून आणल्या, असे सांगतात. यातली आख्यायिका किती आणि इतिहास किती, हा वाद विद्वानांवर सोपवू. मला त्यातली एक वेगळीच गोष्ट मोठी वाटते. कॉफीचे बी ज्वारी-गव्हासारखे वर्षानुवर्षे रुजण्याची ताकद धरून बसत नाही. चार-सहा महिन्यांत त्याचा जीव जातो. म्हणजे बाबांना नुसते लपवून आणायचे नव्हते, वेळेत आणायचे होते. वाटेत चार मुक्काम जास्त झाले असते, एखाद्या भक्ताने 'महाराज, पावसाळा इथेच काढा' असा आग्रह केला असता, तर कर्नाटकाचे डोंगर कॉफीसाठी आणखी किती थांबले असते कोण जाणे. आज भारताच्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात पिकते. ताज्या कॉफीचे महत्त्व ओळखणारा आपल्याकडचा पहिला माणूस म्हणून मी बाबा बुदन यांना मानतो.

त्या सात बियांपासून आमच्या मनमाडच्या स्वयंपाकघरापर्यंत कॉफी यायला मध्ये बरीच उलाढाल झाली. गोऱ्या मळेवाल्यांनी कॉफी पिकवली ती विलायतेला पाठवायला. ती मलबार किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून सहा-सहा महिन्यांनी युरोपात पोचे. दमट हवेने दाणे फुगत, पिवळे पडत, त्यांचा आंबटपणा जाई. तिकडच्या लोकांना वाटे, हिची चव अशीच असते. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, आगबोटी आल्या, कॉफी महिन्याभरात ताजी पोचू लागली. तेव्हा काही गिऱ्हाइकांनी तक्रार केली, की ही काही आमची नेहमीची नव्हे! अखेर पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळाभर दाणे पसरून, त्यांना मुद्दाम दमट वारा देऊन ती जुनी चव परत तयार करण्यात आली. 'मॉन्सून्ड मलबार' या नावाने ती आजही विकली जाते. आमच्या आत्याला ही गोष्ट कळती तर ती म्हणाली असती, "बघ, मी सांगत नव्हते? ठेवलेलंच चांगलं लागतं."

मात्र यात एक मेख आहे. तो पावसाळा लागतो कच्च्या, न भाजलेल्या दाण्याला, तोही जाणकार माणसाच्या देखरेखीखाली. भाजलेल्या कॉफीला कपाटात चार पावसाळे दाखवले तर तिचे मॉन्सून्ड मलबार होत नाही. तिचा भुसा होतो.

या गोष्टीचे मर्म आम्हाला मनमाडच्या रेल्वे कॉलनीत कळले, ते शेजारच्या तमिळ मामींकडून. आमच्या पंक्तीला देशाच्या चारी दिशांचे लोक राहत. रेल्वेच्या गावाचा हा फायदा. भूगोल शिकायला शाळेत जावे लागत नाही. मामींकडे वर्षातून एकदा गावाकडून कच्च्या कॉफीची पिशवी येई. हिरवट-करडे, वासाने गवतासारखे दाणे. आम्हाला ती कसली तरी डाळच वाटे. आठवड्यातून एकदा मामी त्यातले चार मुठी दाणे लोखंडी भांड्यात भाजत. त्या दिवशी कॉलनीतल्या कुत्र्यांनासुद्धा शेजाऱ्यांकडे काही तरी चालले आहे हे कळे. आणि रोज पहाटे टेबलाला स्क्रूने आवळलेल्या हातयंत्रात फक्त त्या दिवसापुरते दाणे दळले जात. तो घर्रघर्र आवाज हे आमचे गजराचे घड्याळ होते. दळलेली पूड पितळी फिल्टरमध्ये, त्यावर उकळते पाणी, आणि खाली थेंबथेंब उतरणारा तो काळाभोर अर्क.

माझ्या आईने एकदा विचारले, "मामी, रोज कशाला हा उपद्व्याप? एकदाच महिन्याची दळून ठेवा की."

मामी म्हणाल्या, "अहो ताई, तुम्ही ज्वारी वर्षाची भरता. मग वर्षाचं दळून का नाही ठेवत?"

आई गप्प झाली. खरे म्हणजे या एका वाक्यात कॉफीच्या साठवणीचे सारे शास्त्र आले. आपण धान्याची कणगी भरतो, पिठाची नाही. अन्न महामंडळाच्या गोदामातही गव्हाच्या थप्प्या असतात, कणकेच्या नव्हेत. दाण्याचे कूट आठवड्याचेच करतात, कारण ते खवट होते. हे सगळे ज्ञान आपल्या घराघरांत होते. फक्त कॉफी हा विलायती पाहुणा समजून आपण तिला हे नियम लावलेच नाहीत.

शास्त्रज्ञ तेच जरा लांबवून सांगतात. कच्चा दाणा कोरड्या, गार जागी वर्षभर सहज राहतो. भाजला की त्याच्या पोटात कर्बवायू भरतो, आणि तो कित्येक दिवस हळूहळू बाहेर येत राहतो. म्हणून अगदी तव्यावरून उतरलेल्या कॉफीपेक्षा दोन-चार दिवस विसावलेली कॉफी चांगली. त्यानंतर दोन-तीन आठवडे तिचे दिवस असतात. मग हवेतला प्राणवायू, दमटपणा, उष्णता आणि उजेड हे चार चोर मिळून तिचा सुगंध नेतात. दाणा अख्खा असेल तर चोरांना फक्त बाहेरची भिंत सापडते. दळला की घराची सगळी दारे एकदम उघडतात, आणि जे काम आठवड्यांचे ते दिवसांत होते. आपल्या पूर्वजांनी 'नव्याचे नऊ दिवस' हे कॉफीला उद्देशून म्हटले नसेल, पण हिशेब फारसा चुकलेला नाही.

या चार चोरांविरुद्ध जगाने काय काय केले! १९०० साली सान फ्रान्सिस्कोच्या हिल्स बंधूंनी डब्यातली हवा काढून घेतली. १९३३ साली इटलीत ट्रिएस्टला स्थापन झालेल्या इली कंपनीने डब्यात हवेऐवजी दुसराच निरुपद्रवी वायू दाबून भरला. १९३८ साली स्वित्झर्लंडच्या नेस्लेने हा सगळा तंटाच मिटवला. कॉफी आधीच करून, वाळवून, तिची भुकटी बाटलीत घातली. तरीही एक पेच होताच. ताजी भाजलेली कॉफी बंद पिशवीत भरावी तर आतल्या वायूने पिशवी फुगून फुटते, आणि वायू निघून जाईपर्यंत थांबावे तर कॉफी शिळी होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतच त्यावर तोड निघाली. पिशवीला बटणाएवढी एकमार्गी झडप. आतला वायू बाहेर, बाहेरची हवा आत नाही. आज चांगल्या कॉफीच्या पाकिटावर ते भोक दिसते ते हेच. कित्येक लोक ते दाबून वास घेण्यासाठीच आहे असे समजतात. घेऊ दे बिचारे. सुगंधावर कर बसलेला नाही.

आपल्याकडचा इतिहास मात्र असा तांत्रिक नाही, सरकारी आहे. कॉफीचा देशातला खप वाढावा म्हणून मुंबईत चर्चगेटला १९३६ साली पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी बाजार बंद पडले आणि १९४२ साली कॉफी बोर्डाकडे सगळी सूत्रे गेली. मळेवाल्याने पीक बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करायचे आणि बोर्डाने ते विकायचे. ही पद्धत १९९०च्या दशकात टप्प्याटप्प्याने सुटत गेली आणि १९९६ साली संपली. म्हणजे अर्धशतकभर भारतातला कॉफीचा दाणा आधी सरकारी खात्यात नोंद होऊन मग गिऱ्हाइकाकडे येई. सरकारी खात्यातून ताजे काय बाहेर येते, हे वाचकांना मी सांगायला नको.

आणि मराठी मध्यमवर्गाला तरी ताजी कॉफी कुठे हवी होती? आपली कॉफी म्हणजे दुधात उकळून, साखर ढीगभर, वर जायफळ आणि वेलदोडा. गाण्याच्या बैठकीत मध्यंतराला, मुलगी पाहायला आलेल्या मंडळींना, नाही तर आजारी माणसाला. प्रवासात कॉफीच्या वड्या. शिवाय पुडीत चिकोरी. युरोपात नेपोलियनच्या नाकेबंदीने कॉफी मिळेना तेव्हा या भाजलेल्या मुळाची चलती झाली. आपण नाकेबंदी नसतानाही ती मनापासून स्वीकारली. आजही कायद्याने कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी दमट हवा पिऊन घट्ट होते. त्यामुळे पावसाळ्यात आपल्या डब्यात पुडीऐवजी ढेकूळ निघते आणि ते चमच्याच्या दांड्याने फोडावे लागते. तो पदार्थ आपण कॉफी समजून आयुष्यभर प्यायलो आणि 'झोप येत नाही' म्हणून तिला दोषही दिला.

आमची आत्या तर साठवणीतली महामहोपाध्याय. तिच्या घरात काहीही कधी 'संपत' नसे. जुन्या बायकांच्या रीतीप्रमाणे मीठ संपले तर ती म्हणे, 'मीठ वाढलं.' मामा रेल्वेत गार्ड होते. १ नोव्हेंबर १९७५ला पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली आणि मनमाडहून पहाटे निघून मुंबईची कामे उरकून रात्री घरी झोपायला येणे शक्य झाले. मामा निवृत्तीनंतर पासावर मुंबईला जात, दादरला उतरून माटुंग्याच्या दाक्षिणात्य वस्तीत जात आणि समोर दळून दिलेली कॉफी घेऊन येत. ती पिशवी वरच्या फळीवर ठेवली की कसाऱ्याला घाटाची इंजिने लागेपर्यंत सगळ्या डब्यात दरवळ सुटलेला असे. शेजारचे प्रवासी चहावाल्याकडे पाहीनासे होत. त्यातली अर्धा किलो ते न चुकता आत्याला देत.

आत्या ती पाहुण्यांसाठी ठेवून देई. कुठे? कपाटात, शालूंच्या शेजारी, कारण घरातली ती सर्वांत सुरक्षित जागा. तिथे डांबरगोळ्या होत्या. कॉफीला दुसऱ्याचा वास उचलण्याची हौस फार. त्या घरी कॉफी मिळालेच तर पहिल्या घोटाला कॉफी, दुसऱ्याला डांबरगोळी आणि तिसऱ्याला पैठणी अशी चव येई.

"आत्या, अगं ती चांगली कॉफी काढ ना आज."

"अरे, ती पाहुण्यांची आहे."

"मग मी कोण?"

"तू घरचा."

या न्यायापुढे काय बोलणार? आत्याला स्वतःला कॉफी फार आवडे. मामींच्या घरचा भाजण्याचा वास आला की ती हातातले काम थांबवून खिडकीत उभी राहायची. पण पाहुण्यांची कॉफी ती स्वतः कशी पिणार? ती जन्मभर चहाच प्यायली. ती गेल्यावर आम्ही कपाट उघडले तेव्हा पितळी डबा निघाला. आत तीन पुड्या, दोऱ्याचीही गाठ न सोडलेल्या. प्रत्येकीवर तिच्या अक्षरात तारीख. सर्वांत जुनी चार वर्षांपूर्वीची. वास घेऊन पाहिला. त्या पुड्यांना कसलाच वास नव्हता. मामा बराच वेळ डबा हातात धरून बसले. मग म्हणाले, "इतक्या वेळा घाट चढून आणली होती."

तेव्हापासून आमच्या घरात कॉफीचे नियम ठरले आहेत, ते सर्वांच्या उपयोगाचे आहेत म्हणून सांगतो. कॉफी पाव किलोच्या वर घ्यायची नाही. घरातल्या माणसांना दोन-तीन आठवड्यांत जेवढी लागेल तेवढीच. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तर ती पाहायची. 'अमुक महिन्यापर्यंत उत्तम' या वाक्यावर जायचे नाही, ते वाक्य दुकानदाराच्या सोयीसाठी असते. दुकानात काचेच्या सुंदर बरणीत, उन्हात चमकणारे दाणे दिसले तर त्यांना लांबूनच नमस्कार करायचा. शक्य तर दाणे आणावेत आणि हातयंत्रावर रोजचे रोज दळावेत. यंत्र नसेल तर दुकानातून दळून आणावी, पण मग आठवड्याभरातच प्यावी. डबा अपारदर्शक, घट्ट झाकणाचा आणि कॉफीच्या मापाचा. मोठ्या डब्यात चिमूटभर कॉफी म्हणजे आत चोरांना राहायला मोकळी खोली. तो डबा शेगडीपासून आणि मसाल्यांपासून दूर, अंधाऱ्या फळीवर ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये. रोज बाहेर काढताना त्यात दव धरते आणि शेजारच्या लसणीच्या चटणीशी तिचा स्नेह जमतो. फारच जास्त आली असेल तर छोट्या हवाबंद पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात टाकाव्या, एका वेळी एकच काढावी, आणि ती खोलीइतकी कोमट झाल्यावरच उघडावी.

आज हे सोपे झाले आहे. बंगळूरहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस दौंडवरून मनमाडलाच येते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून पाव किलो मागवता येते. आपल्याच महाराष्ट्रात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे तर अनेकांना अजून माहीत नसते. घरपोच पाकिटे येतात, भाजल्याच्या तारखेसकट. आता अडचण मिळण्याची नाही, उघडण्याची आहे. भेट आलेले पाकीट 'कोणी आलं की काढू' म्हणून मागे सारणारा हात अजून आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. त्या हाताला माझी विनंती एवढीच, की गहू ठेवा, तेल ठेवा, मनमाडला असाल तर पाणीही ठेवा. पण कॉफीचे पाकीट आले की त्याच दिवशी कात्री लावा. पाहुणा आला तर त्याला द्या, नाही आला तर दुपारी चार वाजता स्वतःच पाहुणे होऊन बसा. आणि तीन आठवड्यांत डबा रिकामा झाला की मुळीच हळहळ न करता, आत्याच्याच भाषेत, आनंदाने म्हणा: कॉफी वाढली.